चुंबकाने परत बोलावता येणारा गंज

लहानपणी बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक ज्यांनी काढलं असेल, त्यांना पुढचा उद्योग सांगायला नको. त्याला सुतळी बांधायची आणि नदीच्या वाळूतून ओढत न्यायचं. दहा पावलांत चुंबकाला काळी दाढी फुटते. आपला दख्खनचा काळा दगड झिजून ही वाळू झालेली असते आणि त्या दगडात मॅग्नेटाइटच्या जातीच्या लोहखनिजाचे बारीक दाणे असतात. त्यामुळे महाराष्ट्रात हा खेळ कितीतरी नदीकाठांवर जमतो. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यांवर तर जरा जास्तच जमतो.

या खेळात पहिल्यांदा बहुतेक सगळे एक चूक करतात. चुंबक उघडंच वाळूत घालतात. मग ती काळी पूड अशी बसते की नखाने खरवडा, फुंकर मारा, फडक्याने पुसा, निघायचं नाव नाही. मग कोणीतरी मोठा मुलगा युक्ती सांगतो, ‘अरे, आधी कागद गुंडाळ त्याला.’ पूड कागदावर जमते आणि आतलं चुंबक काढून घेतलं की आपसूक खाली पडते.

चुंबकीय नॅनोकणांनी, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी, पाणी शुद्ध करायचं, असं म्हटलं की विषय एकदम भारदस्त वाटतो. पण त्यातली अर्धी गंमत त्या कागदात आहे. पकडता यायला हवं आणि हवं तेव्हा सोडताही यायला हवं. उरलेली अर्धी गोष्ट जरा अवघड आहे. सोडलेलं ठेवायचं कुठे, याची. तिच्याकडे शेवटी येऊ.

नमुना म्हणून आर्सेनिक घेऊ. जुन्या मराठीतला सोमल म्हणजे याच आर्सेनिकचं एक रूप. चुंबकीय कणांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग आर्सेनिकवरच झाला, आणि त्यामागे बंगालची एक मोठी शोकांतिका आहे.

१९७०च्या दशकापासून बांगलादेशात आणि पश्चिम बंगालच्या खेड्यांत हातपंप बसवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. तोवर लोक तळ्यांचं पाणी पीत आणि हगवणीने लहान मुलं दगावत. जमिनीखालचं पाणी जंतूंच्या बाबतीत कितीतरी स्वच्छ होतं, त्यामुळे मोहिमेमागचा हेतू चुकीचा म्हणता येत नाही. पण त्या पाण्यात आर्सेनिक होतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर थोडं दाटच होतं. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्यांच्या अंगावर ठिपके उठतात, तळहात-तळपायांची कातडी जाड आणि खरखरीत होते, पुढे त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी असे रुग्ण ओळखले आणि दोष पाण्याचा असल्याचं दाखवलं. बांगलादेशात हे निश्चित व्हायला १९९३ उजाडलं. २००० साली अॅलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं की, इतक्या मोठ्या लोकसंख्येला झालेली विषबाधा इतिहासात दुसरी नाही. त्यांच्या हिशेबाने बांगलादेशातल्या साडेबारा कोटींपैकी साडेतीन ते सुमारे पावणेआठ कोटी लोकांना हा धोका होता. नंतर तिथे हातपंपांची तोंडं रंगवण्यात आली. हिरवं पिण्यासाठी, लाल फक्त धुण्याभांड्यांसाठी.

आर्सेनिक किती कमी असायला हवं? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची आहे. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं समजू: दहा-दहा हजार लिटरचे पाण्याचे तीन टँकर उभे आहेत आणि त्या तिन्हींत मिळून आपण चिमूटभर, म्हणजे ०.३ ग्रॅम मीठ टाकलं. मर्यादा एवढीच आहे. बांगलादेशने स्वतःसाठी ती पाचपट सैल, ५० मायक्रोग्रॅमची ठेवली आणि तिथले बरेच पंप त्याही पलीकडे गेलेले.

आता प्रश्न असा की तीन टँकरांत विरघळलेली ही चिमूट बाहेर काढायची कशी? गाळून निघणार नाही, कारण ती गाळासारखी नाहीच. तिला बसायला कोणीतरी जागा द्यावी लागते. ती जागा म्हणजे गंज.

आर्सेनिक आणि लोखंडाचा गंज यांची जोडी फार जुनी आहे. गंजाच्या पृष्ठभागावर लोहाला जोडलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या उघड्यावर असतात. आर्सेनिकचा रेणू तिथे येतो, एका जोडीला बाजूला सारतो आणि थेट लोहाशी बंध जोडून बसतो. स्पंज पाणी पितो तसा हा प्रकार नाही. भिंतीवर पाल चिकटावी तसा आहे, सगळं वरच्या वर. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत याला अधिशोषण म्हणतात. शब्द बोजड आहे, पण शोषणापासून तो वेगळा ठेवण्यात अर्थ आहे, कारण पुढचं सगळं गणित पृष्ठभागाचं आहे.

आणि गंमत बघा, बंगालच्या पाण्यात आर्सेनिक आलं तेही गंजातूनच. हिमालय झिजून खाली आलेल्या गाळाच्या कणांवर गंजाचा पातळ थर होता आणि त्या थराला आर्सेनिक चिकटलेलं होतं. तो गाळ त्रिभुज प्रदेशात थरावर थर साचत गेला, त्यात पालापाचोळा गाडला गेला, आत हवा उरली नाही. अशा ठिकाणचे जीवाणू ऑक्सिजन नाही म्हणून गंजावर गुजराण करतात. गंज विरघळतो आणि त्याने धरून ठेवलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. जमिनीखाली गंजाने जे सोडलं, ते जमिनीवर गंजाकडूनच पुन्हा धरवायचं, असा हा सगळा खटाटोप आहे. ‘हवा नसेल तर गंज हात सोडतो’ एवढं मात्र लक्षात राहू द्या. त्याची गरज पडणार आहे.

गंज अनेक जातींचा असतो. तांबडा आपल्या ओळखीचा. लोहाराच्या ऐरणीभोवती जे काळे पापुद्रे उडतात त्यांत मॅग्नेटाइट असतं, म्हणजे तीन लोहाला चार ऑक्सिजन. आर्सेनिक दोघांनाही चिकटतं. फरक असा की मॅग्नेटाइट चुंबकाकडे जोरात ओढलं जातं. नदीच्या वाळूतली आपली पूड त्याच घराण्यातली.

मग ती वाळूतली पूडच पाण्यात टाकून भागणार नाही का? नाही, आणि का नाही ते फ्लॅटच्या भाषेत सांगता येतं. एक ग्रॅम मॅग्नेटाइट घ्या. त्याचे दाणे वाळूएवढे, मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे असतील, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग एका पोस्टकार्डाएवढा भरतो. तोच ग्रॅम ३०० नॅनोमीटरच्या कणांत विभागला (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), तर सुमारे ४० चौरस फूट, म्हणजे एखादं न्हाणीघर. आणि १२ नॅनोमीटरचे कण केले, तर हजार चौरस फूट. अख्खा टूबीएचके! वजन तेच, पदार्थ तोच, फक्त कुटून बारीक केला. एका केसाच्या जाडीत असे साडेसहा हजारांच्या आसपास कण ओळीने मावतील. आर्सेनिकला चिकटायला भिंती हव्या असतात आणि भिंती वाढवण्याचा हाच स्वस्तातला मार्ग.

हे कण बनवणं मात्र वाटतं तितकं अवघड नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ते होताना पाहिलं आहे. लोहाचे दोन क्षार, एक पिवळट तपकिरी आणि एक फिकट हिरवा, दोनास एक या प्रमाणात पाण्यात विरघळवलेले. पातळ चहासारखं दिसणारं ते पाणी ढवळत ठेवलं होतं आणि त्यात वरून अमोनिया सोडत होते. नाकाला झिणझिण्या आणणारा वास पसरला, आणि पुढच्याच क्षणी चहाची शाई झाली. हळूहळू नाही, एकदम काळी. काचेच्या चंबूला बाहेरून चुंबक लावलं तशी ती शाई चुंबकाच्या बाजूला सरकू लागली आणि उरलेलं पाणी मिनिटभरात काचेसारखं नितळ झालं. चुंबक धरून पाणी ओतून टाकलं, चंबू तिरका केला तरी काळा ठिपका जागचा हलला नाही. नवं पाणी घातलं, चुंबक काढलं, हलवलं, पुन्हा शाई. वर्गातल्या मुलांनी हे चार वेळा करून पाहिलं. दर वेळी तितकीच मजा आली.

कागदी गणित विचारलं तर हे घडायलाच नको होतं. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर अवलंबून असते. वाळूतल्या दाण्यापेक्षा १२ नॅनोमीटरचा कण रुंदीला आठ हजार पट लहान, म्हणून त्याला बसणारी ओढ सुमारे ५८ हजार कोटी पट कमी. शिवाय पाण्याचे रेणू चारी बाजूंनी त्याला सारखे धक्के देत असतात. वजनदार दाण्याला ते जाणवतही नाहीत, पण या कणाचा त्यात नुसता चेंडू होतो. इतके लहान कण ओढायला स्टीलच्या तारांचा गुंताळा भरलेले, प्रचंड ताकदीच्या विद्युतचुंबकांचे महागडे सांगाडे लागतील, असंच सगळे धरून चालले होते. चिनीमातीतली लोहाची अशुद्धी काढायला असली यंत्रं वापरतातही. बंगालच्या खेड्यात ती कोण नेणार?

२००६च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासमधल्या राइस विद्यापीठातल्या जाफेर यावुझ, विकी कोल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की हे कण साध्या, हातात मावणाऱ्या चुंबकाच्या तोडीच्या क्षेत्रातही गोळा होतात. चुंबक जवळ आलं की कण एकेकटे राहत नाहीत. प्रत्येक कण तेवढ्यापुरता एक छोटा चुंबक बनतो, शेजारच्याला ओढतो आणि त्यांचा जथा तयार होतो. गर्दीत एकटा वारकरी कुठल्याकुठे ढकलला जाईल, पण दिंडी आपल्या वाटेने जाते. तसंच काहीसं.

आर्सेनिकचे त्यांचे आकडे तर पाठ व्हावेत असे आहेत. लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेलं पाणी घेतलं. ३०० नॅनोमीटरचे कण वापरले तेव्हा जेमतेम चतुर्थांश आर्सेनिक निघालं, ३७५ उरलं. २० नॅनोमीटरच्या कणांनी ते ४५ वर आणलं. १२ नॅनोमीटरच्या कणांनी चारच्या आत. न्हाणीघर आणि फ्लॅट यांच्यातला फरक म्हणतात तो हा. पुढे याच मंडळींनी गंज आणि खाद्यतेल यांपासून हे कण करण्याची जवळजवळ स्वयंपाकघरातली वाटणारी कृतीही प्रसिद्ध केली. तेलातली आम्लं कणांभोवती वेष्टण करतात आणि त्यांना फार वाढू देत नाहीत.

आता कागदाच्या युक्तीकडे परत. पेचकस चुंबकावर चार वेळा घासला की त्याला स्क्रू चिकटू लागतात, आणि चुंबक दूर नेल्यावरही चिकटतच राहतात. लोखंडाचा मोठा तुकडा असा चुंबकाची आठवण धरून बसतो. आपले कणही तसे वागले असते तर सगळा बेत फसला असता. एकदा गोळा झालेले कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळाच राहिला असता, आणि हजार चौरस फुटांच्या भिंती आत दडपल्या गेल्या असत्या. पण साधारण २५ नॅनोमीटरच्या खाली मॅग्नेटाइट ही आठवण गमावतं. कण इतका लहान असतो की खोलीच्या साध्या उष्णतेनेही त्यातली चुंबकत्वाची दिशा सेकंदात असंख्य वेळा उलटीपालटी होते आणि गोळाबेरीज शून्य येते. बाहेरून चुंबक आलं की दिशा जुळतात, गेलं की पुन्हा विस्कटतात. या गुणाला अतिअनुचुंबकत्व असं जिभेला गाठ मारणारं नाव आहे. आपण त्याला विसराळूपणा म्हणू. खेळातला कागद इथे कणांनी स्वतःच गुंडाळून आणलेला असतो.

हा विसराळूपणा तुमच्याही कामी येऊन गेलेला असेल. कोविडच्या काळात नाकातून घेतलेल्या स्वॅबमधून विषाणूचा आरएनए वेगळा काढायला कितीतरी प्रयोगशाळांत चुंबकीय मणीच वापरत होते. त्या मण्यांच्या पोटात हेच लोहाचे नॅनोकण असतात. पकडा, धुवा, सोडा.

तर चुंबकाने पाणी शुद्ध होत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. बातम्यांत ‘चुंबकाने पाणी शुद्ध’ असे मथळे येतात आणि त्याच जोरावर नळाला बांधायची चुंबकं विकणारेही आपलं दुकान चालवून घेतात. शुद्धीचं काम गंज करतो. चुंबक फक्त त्या गंजाला परत बोलावतं. आणि परत बोलावण्याला एवढं महत्त्व कशासाठी, ते तुरटीवरून समजेल. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो, आपण वरचं पाणी घेतो आणि तुरटीसकट गाळ फेकून देतो. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या, फ्लोराइड काढायच्या प्रसिद्ध ‘नलगोंडा’ पद्धतीतही तुरटी आणि चुनाच आहे. पद्धत साधी आणि स्वस्त, पण रोज नवी तुरटी आणि रोज नवा फ्लोराइडवाला गाळ.

नॅनोकणांचा हिशेब करून पाहू. पाच माणसांचं घर, पिण्या-रांधायला रोज २५ लिटर पाणी. लिटरला अर्धा ग्रॅम कण लागतात असं समजा. रोज साडेबारा ग्रॅम, वर्षाला साडेचार किलो. एका घराला! तीच साडेबारा ग्रॅमची पूड धुऊन धुऊन वापरता आली तर गोष्ट वेगळी.

धुणं म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घोळवणं. तिथे अल्कता वाढली की गंजाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. आर्सेनिकचं नेहमीचं रूपही ऋण भाराचं असल्याने ते ढकललं जातं आणि त्याची जागा सोड्यातले रेणू घेतात. मग चुंबक लावायचं, सोड्याचं पाणी वेगळं काढायचं, कण साध्या पाण्याने खळबळून घ्यायचे, की पुन्हा कामाला तयार.

कागदावर छान. पण शोधनिबंधांत पुनर्वापराचा जो आलेख असतो, तो बहुतेक वेळा पाच-सहा फेऱ्यांचा असतो, आणि तिथेच मला थांबावंसं वाटतं. दर फेरीत क्षमता दहा टक्क्यांनी घटत असेल, तर पाचव्या फेरीनंतरही आलेख बरा दिसतो. दहाव्या फेरीनंतर क्षमता ३५ टक्क्यांवर आलेली असते. त्याहून कडक हिशेब कण परत मिळण्याचा. ‘९९ टक्के कण चुंबकाने परत मिळाले’ हे वाक्य आपण कौतुकाने वाचतो. रोज एक टक्का गळत गेला तर शंभर दिवसांनी मूळ पुडीतली ३७ टक्केच उरते. चक्रवाढ व्याज उलटं फिरलेलं. बाकीची ६३ टक्के कुठे गेली? पाण्यातून पोटात. हे सुटे कण घरातल्या फिल्टरच्या कँडलमधूनही आरपार जाण्याएवढे लहान असतात, आणि ते रिकाम्या हाताने जात नाहीत. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं आर्सेनिक धरलेलं असतं. ५०० मायक्रोग्रॅमच्या पाण्यात एक टक्का कण निसटले, तर त्यांच्यासोबत पाच मायक्रोग्रॅम आर्सेनिक गेलं. दहाच्या मर्यादेतली निम्मी तिथेच संपली. परत मिळण्याचं प्रमाण ९९.९ असेल तर शंभर दिवसांनी ९० टक्के पूड शाबूत राहते. या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे, आणि मथळ्यात तो कधीच नसतो.

विहिरीचं खरं पाणी ही आणखी एक कटकट. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात आर्सेनिक घालून पाहतात. विहिरीत फॉस्फेट असतं, विरघळलेली सिलिका असते, आणि त्यांनाही गंजावर बसायला आवडतं. फॉस्फेट तर आर्सेनिकचा सख्खा भाऊ शोभावा इतकं त्याच्यासारखं दिसतं. भिंती हजार चौरस फुटांच्या खऱ्या, पण भाडेकरू अनेक. भूजलात आर्सेनिकचं एक रूप भार नसलेलं असतं. तेही पटकन चिकटत नाही, त्याला आधी हवेने वा क्लोरिनने बदलून घ्यावं लागतं. उघडं मॅग्नेटाइट हळूहळू हवेने बदलतं, आम्लात विरघळतं. म्हणून त्याला सिलिकाचा, कार्बनचा किंवा कायटोसनचा अंगरखा घालतात. कायटोसन म्हणजे कोळंबीच्या सालींपासून काढलेला पदार्थ. कोकणात ज्या सालींचे ढीग कोणाला नको असतात, त्यांना नॅनोविज्ञानात असा मान आहे.

अंगरखा बदलला की सावजही बदलतं. कोणी शिशासाठी गंधकाचे हात लावतं, कोणी कापडाच्या रंगांसाठी कार्बन. आयर्लंडच्या फिऑन फेरेरा या मुलाने मॅग्नेटाइट आणि तेलाच्या मिश्रणाने पाण्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे ओढून काढले आणि २०१९ची गूगल सायन्स फेअर जिंकली. प्लास्टिकला तेल चिकटतं, तेलात मॅग्नेटाइट असतं, मग चुंबक. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडचा प्रश्न फ्लोराइडचा आहे आणि फ्लोराइडला लोहाची तेवढी ओढ नाही. अॅल्युमिनियम, झिर्कोनियम, लँथनम यांची आहे. म्हणून तिथे चुंबकीय गाभ्यावर या धातूंचा थर देऊन पाहतात. तत्त्व तेच, तपशील वेगळा, अडचणी साधारण याच.

चुंबकाने परत मिळवायची कल्पना मोठ्या प्रमाणावर कुठे चालली आहे का? चालली आहे, आणि नॅनो हा शब्द फॅशनमध्ये यायच्या आधीपासून. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने ‘सिरोफ्लॉक’ नावाची पद्धत काढली होती. पाण्यात मॅग्नेटाइटची बारीक पूड घालायची, गढूळपणा आणि रंग तिला चिकटवायचा, चुंबकाच्या मदतीने ती झटकन तळाशी बसवायची, कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरायची. पर्थ शहराजवळ १९८०च्या दशकात ती चालत होती. पुढे त्याच संस्थेच्या सहभागातून पोटात चुंबकीय लोह असलेले राळेचे मणी आले आणि २००१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट प्लेझंट इथे त्यांच्यावर चालणारं जलशुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. तिथे धुवायला मिठाचं पाणी पुरतं. यातले कण नॅनो नाहीत. पहिल्यात मायक्रॉनमध्ये, म्हणजे हजार-हजार नॅनोमीटरच्या मापाने मोजायचे, दुसऱ्यात रव्याच्या दाण्याएवढे. पृष्ठभाग कमी मिळतो, पण पकडायला सोपे. मोठं केंद्र, पगारी अभियंते, रोजची नोंदवही असेल तिथे हा सौदा परवडतो.

आणि बंगालच्या खेड्यांत प्रत्यक्षात काय पोचलं? चुंबक नाही, हे सांगायलाच हवं. बांगलादेशातल्या कुश्तियात वाढलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी ‘सोनो’ फिल्टर बनवला. दोन बादल्या, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि मध्ये प्रक्रिया केलेला लोखंडाचा कीस. त्याला २००७ साली अमेरिकेतलं दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. मद्रास आयआयटीच्या प्रा. टी. प्रदीप यांनी ‘अमृत’ नावाची पद्धत काढली. तिथे लोहाचा नॅनोपदार्थ वापरतात, पण तो कायटोसनच्या जाळ्यात अडकवून त्याचे दाणे करतात आणि दाणे नळकांड्यात भरतात. कण सुटेच नाहीत, तर परत बोलवायची वेळ येत नाही. पाणी कणांकडे जातं, कण जागेवर बसून असतात. मला विचाराल तर खेड्यातल्या पंपासाठी हाच मार्ग अधिक शहाणपणाचा. सुटे कण पाण्यात झटपट पसरतात, झटपट काम करतात, पण रोज कोणीतरी जबाबदार माणसाने ते मोजून परत घ्यावे लागतात. घरात सासूसून दोघींना शेतावर जायचं असेल, तर कण परत आले की नाही ते कोण बघणार?

उरली ती अर्धी गोष्ट. कण धुतले, पुन्हा वापरले, सगळं नीट झालं. धुवणाचं पाणी? साऱ्या गावाच्या पाण्यातलं आर्सेनिक आता दोन बादल्यांत गोळा झालेलं असतं. पुनर्वापराने विष संपत नाही, दाट होतं. ते ओढ्यात ओतलं तर सगळी मेहनत गावाला परत.

याचं सगळ्यात विचारपूर्वक दिलेलं उत्तर मला पश्चिम बंगालमध्येच दिसतं. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे प्रा. अरूप सेनगुप्ता यांनी शिवपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सहकाऱ्यांबरोबर १९९७ पासून गावोगाव हातपंपांना जोडलेले आर्सेनिक-फिल्टर बसवले. त्यांतली एक पुढची सुधारणा म्हणजे राळेच्या मण्यांच्या आत लोहाचे नॅनोकण बसवलेले. चुंबक तिथेही नाही, पण धुऊन पुन्हा वापरणं आहे. गावाची समिती घरटी महिन्याला थोडे पैसे जमवते, फिल्टर थकला की आतला माल मध्यवर्ती ठिकाणी नेतात, कॉस्टिक सोड्याने धुतात आणि परत आणून भरतात. धुवणातलं आर्सेनिक लोहाबरोबर गाळ म्हणून खाली बसवतात.

तो गाळ पुरून वर माती लोटली असती तर चार लोकांना बरं वाटलं असतं. पण मातीखाली हवा जात नाही, आणि हवा नसेल तर गंज हात सोडतो. म्हणून तो जाड वाळूच्या थरावर पसरतात, पाणी खाली निथळून जातं आणि वर तांबूस गाळ उरतो. वारा लागेल असा, उघडाच ठेवलेला.